दुर्लक्षित ध्वनिमुद्रिका : खानदेशच्या संग्राहकांसाठीं एका उपेक्षित साधनाचा परिचय

१. विषयप्रवेश

जुन्या कागदांचा उपयोग वाण्यानें पुड्या बांधण्यापलीकडे नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत असतां कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांवचीं दप्तरें धुंडाळण्यास आरंभ केला, आणि १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड छापून काढला. त्यापूर्वीं सात वर्षें अॅकवर्थ व शाळिग्राम यांनीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. या दोन्ही उद्योगांचें तत्त्व एकच आहे. आपल्या काळास जें क्षुद्र वाटतें तें पुढील काळास प्रमाण ठरतें, आणि तें क्षुद्र वाटत असतांनाच जो वेंचून ठेवील त्यासच तें लाभतें. राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले व त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच शहरांत उभें राहिलें. धुळें हें तेव्हां पश्चिम खानदेशाचें मुख्य ठाणें होतें. आणि आज ज्यास नंदुरबार जिल्हा म्हणतात तो मुलूख, १ जुलै १९९८ रोजीं वेगळा होईपर्यंत, त्याच जिल्ह्यांत मोडत असे. तेव्हां या प्रांतांतील वाचकांस वरील तत्त्व नव्यानें सांगावयास नको. तें एका निराळ्या साधनास लावून दाखवावयाचें आहे, इतकेंच.

तें साधन म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. थोर गवयांच्या तबकड्यांस संग्राहक मिळाले आहेत. त्यांच्या सूची झाल्या, पुनर्मुद्रणें झालीं. मुंबईस १९९० सालीं ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली, आणि १९९४ सालीं मायकेल किनिअर यांनीं ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ पर्यंतच्या हिंदी ध्वनिमुद्रणांची पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली. परंतु ज्या घरांतून या तबकड्या बाहेर येतात तेथेंच त्यांच्या खालीं दुसरा एक ढीग असतो. नकला, विनोदी संवाद, नुसत्या हास्याची तबकडी, लग्नाचा बँड, हॉटेलांतील नाचाचें संगीत, पेटीवर वाजविलेलीं चित्रपटांतील गाणीं असा हा संकीर्ण माल असतो. विकत घेणारा तो बाजूस सारतो आणि विकणारा भंगारांत घालतो. हा ढीग इतिहासाचें साधन कसा होतो, तो वाचावा कसा, आणि नंदुरबारच्या संग्राहकास त्यापासून कोणता बोध घेण्यासारखा आहे, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. तबकडीची घटना

पोथीची परीक्षा करणारा प्रथम कागद पाहतो. तबकडी पाहणारानें प्रथम तिचें द्रव्य पाहावें. जुनी, मिनिटास सुमारें ७८ फेरे घेणारी तबकडी ही चपडा लाख, दगडाची किंवा तत्सम खनिजाची बारीक भुकटी, थोडा कापसाचा तंतु व काजळी यांच्या मिश्रणाची असते. लाख ही पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यापासून होते. पळसाचीं झाडें सातपुड्याच्या रहिवाशास ठाऊकच आहेत. लाखेचा मुख्य व्यापार छोटानागपुराकडचा, तरी हा पदार्थ या देशाचा होता. आणि त्यावांचून जगांतील कोणत्याहि कंपनीचें चालत नसे. दुसऱ्या महायुद्धांत लाखेचा पुरवठा आखडतांच अमेरिकेच्या सरकारनें १९४२ सालीं तबकड्यांसाठीं तिचा वापर एकदम कमी करविला, यावरून तिचें महत्त्व लक्षांत येईल.

या घटनेमुळें तबकडी कठीण असली तरी ठिसूळ असते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचा मजकूर मावतो. पोथीचें एक पान फाटलें तर बाकीचीं राहतात. तबकडी पडून फुटली कीं सगळी फुटते.

३. तबकडीची पुष्पिका

पोथीच्या अखेरीस जशी लेखकाचें नांव, शक व मिती देणारी पुष्पिका असते, तशी तबकडीसहि असते. फक्त ती कोठें पाहावी हें ठाऊक पाहिजे.

मधल्या कागदी चिठ्ठीवर जी संख्या छापलेली असते ती विक्रीची संख्या होय. एकच ध्वनिमुद्रण पुढें दुसऱ्या संख्येखालीं, दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठीनें, क्वचित् दुसऱ्याच व्यापारी नांवानें विकलें गेलेलें आढळतें. म्हणून चिठ्ठी ही दप्तराच्या रुमालावरील नोंदीसारखी समजावी. ती उपयोगाची खरी, पण अखेरचें प्रमाण नव्हे. अस्सल पुष्पिका चिठ्ठीलगतच्या गुळगुळीत कड्यांत कोरलेली किंवा उठवलेली असते. ती मूळ सांच्याची संख्या. चिठ्ठी झिजून वाचेनाशी झाली तरी ही संख्या तिरप्या उजेडांत वाचतां येते, आणि तीवरून ध्वनिमुद्रणाचा काळ व पुष्कळदां प्रवासहि ठरवितां येतो. ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांवर या संख्येपुढें लहान त्रिकोण असेल तर तें ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आलेल्या विद्युत् पद्धतीचें. चौकोन असेल तर १९३१ नंतरचें. त्यापूर्वींचें सर्व काम कर्ण्यापुढें तोंड करून, केवळ आवाजाच्या जोरावर केलेलें असे.

याशिवाय कांहीं स्थूल खुणा आहेत. एकाच बाजूस मुद्रित अशी तबकडी बहुधा १९०८ पूर्वींची. फ्रेड गायस्बर्ग यांनीं १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास केलेलीं पहिलीं ध्वनिमुद्रणें जर्मनींतील हॅनोव्हर येथें पाठवून तेथें छापून आणीत. १९०८ च्या सुमारास कलकत्त्याच्या सियालदह भागांत कारखाना निघाला व हा खटाटोप संपला. त्या आरंभींच्या तबकड्यांच्या शेवटीं गायक आपलें नांव स्वतः इंग्रजींत सांगतो. गोहरजानच्या तबकड्यांमुळें प्रसिद्ध झालेली ही लकब पुष्कळांस विनोदी वाटते. परंतु तिचें कारण व्यवहाराचें होतें. हॅनोव्हरच्या कारागिरांस भाषा कळत नसे, तेव्हां कोणत्या चिठ्ठीस कोणता आवाज हें त्यांना कळावें यासाठीं ती योजना होती. म्हणजे ती शब्दशः पुष्पिकाच होय.

तबकडीचें पाकीटहि फेंकूं नये. आंतली तबकडी बदललेली असली तरी पाकिटावर दुकानदाराचा शिक्का असतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ताप्ती-व्हॅली रेल्वेनें नंदुरबार व नवापूर सुरतेशीं जोडलेलीं होतीं. इकडे धुळ्या-जळगांवचा व्यापार होता. एखाद्या घरांतील पाकिटांवर सुरतेचे शिक्के किती, धुळ्याचे किती व मुंबईचे किती, हें नुसतें मोजलें तरी त्या घराचा कान कोणत्या पेठेकडे होता याचें उत्तर मिळतें. कोणत्याहि छापील सूचीपेक्षां हा पुरावा अधिक जवळचा आहे, आणि तो घर सोडून बाजारांत गेला कीं कायमचा नाहींसा होतो.

४. क्षुद्र मालाची योग्यता

आतां आक्षेप असा येईल कीं, गवयाची तबकडी ही कलेचें स्मारक आहे. हसण्या-खिदळण्याच्या तबकडीस तो मान कशाला? याचें उत्तर चार उदाहरणांनीं देतां येईल.

पहिलें उदाहरण एका पक्ष्याचें. १८८९ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें लुडविग कोख नांवाच्या लहान मुलानें, वडिलांनीं आणून दिलेल्या यंत्रावर आपल्या पिंजऱ्यांतील श्यामा पक्ष्याचा आवाज मेणाच्या नळकांड्यावर उतरविला. हा गाणारा पक्षी आपल्या इकडचा. त्या वेळीं तो केवळ पोरखेळ होता. आज तें पक्ष्याच्या आवाजाचें ज्ञात असलेलें सर्वांत जुनें ध्वनिमुद्रण मानितात.

दुसरें उदाहरण हास्याचें. जॉर्ज जॉन्सन हा गुलामगिरींत जन्मलेला निग्रो गायक. त्याचें हसत हसत म्हटलेलें गाणें १८९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अतोनात खपलें. कर्ण्याच्या काळांत नाजुक वाद्यें नीट उमटत नसत, पण मोठ्यानें हसलेलें स्पष्ट उमटे. म्हणून आरंभींच्या विनोदी तबकड्या यंत्राच्या मर्यादेचाहि पुरावा आहेत. आणि त्या एका गंमतीच्या तबकडीमुळें त्या समाजाचा पहिला प्रसिद्ध ध्वनिमुद्रित गायक कोण, हें इतिहासास सांगतां येतें.

उलट आपल्याकडे पाहा. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले व अल्लादियाखां १९४६ सालीं. त्यांच्या गाण्याची एकहि तबकडी आपल्यास उपलब्ध नाहीं. ज्यांचा आवाज हवा होता त्यांचा नाहीं. ज्यांचा कोणीं मागितला नव्हता अशा नकलाकारांचे व बँडवाल्यांचे आहेत. इतिहासकारास पसंती करण्याची सोय नसते. जें उरलें त्यावरच त्यास काम करावें लागतें.

तिसरें उदाहरण मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यसंगीताचें. १९३६ सालीं मुंबईस क्रिकेट स्मिथ या अमेरिकन निग्रो वादकाच्या तांड्यानें ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या नांवाची एक चाल ध्वनिमुद्रित केली. जेवणाच्या वेळीं मागें चालूं राहणारें हें संगीत. त्यास कोणीं संग्रहयोग्य मानिलें नाहीं. तीच तबकडी पुढें नरेश फर्नांडिस यांनीं २०१२ सालीं लिहिलेल्या ग्रंथास नांव देऊन गेली, आणि तिच्या अनुषंगानें मुंबईच्या जॅझ-वादकांची, विशेषतः गोमंतकीय वादकांची, सगळी परंपरा उजेडांत आली. आल्दोना गांवचे आंतोनियो शाविएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतलेच. संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनीं काम केलें. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत त्यांचा तांडा प्रत्यक्ष दिसतो. ज्या शेतकऱ्यानें ताजमहाल हॉटेल जन्मांत पाहिलें नाहीं त्याच्याहि कानीं तालुक्याच्या तंबूंतील पडद्यावरून तो कर्णा पोहोंचला. हा दुवा ध्यानीं येण्यास हॉटेलाची क्षुद्र तबकडीच हातीं असावी लागते.

चौथें उदाहरण अगदीं अलीकडचें, व म्हणूनच अधिक बोधप्रद. मुंबईचे चरणजीतसिंग हे हिंदी चित्रपटसंगीतांतील वादक. त्यांनीं १९८२ सालीं दहा राग जपानी विद्युत्-यंत्रांच्या ठेक्यावर एकट्यानें वाजवून एक तबकडी केली. ती कोणीं विशेष घेतली नाहीं. वीस वर्षांनीं, २००२ सालीं, एडो बाउमन या डच संग्राहकास ती दिल्लीच्या एका दुकानांत सांपडली. त्यांनीं २०१० सालीं ती पुन्हां प्रसिद्ध केली. तेव्हां पाश्चात्त्य जाणत्यांच्या लक्षांत आलें कीं, १९८७ च्या सुमारास शिकागो शहरांत जो नृत्यसंगीताचा प्रकार जन्मला म्हणून समजतात, त्याच्याशीं विलक्षण साम्य असलेलें वादन मुंबईंत पांच वर्षें आधीं झालें होतें. दोहोंत कांहीं संबंध होता असें नव्हे. यंत्र तेंच असल्यामुळें दोन दूरच्या हातांतून सारखाच ध्वनि निघाला. चरणजीतसिंग २०१५ च्या जुलै महिन्यांत वारले. आपल्या कामाचें कौतुक त्यांस जिवंतपणीं ऐकावयास मिळालें, तें एका दुकानदारानें तबकडी फेंकली नाहीं म्हणून.

५. अंतःप्रमाणाविषयीं सावधगिरी

साधन उपयोगी असलें म्हणजे तें सत्यच सांगतें असें नाहीं. बखरींविषयीं जी सावधगिरी आपण बाळगतों तीच येथें बाळगली पाहिजे.

विनोदी तबकड्यांत निरनिराळ्या प्रांतांच्या व जातींच्या बोलींची नक्कल असते. अशी एखादी तबकडी ऐकून ‘हा त्या काळचा खानदेशी हेल’ असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु पुण्या-मुंबईच्या नटानें काढलेला खानदेशी हेल हा पुण्या-मुंबईच्या कानाचा पुरावा आहे, खानदेशच्या जिभेचा नव्हे. त्यावरून शहरी माणसास गांवकऱ्यांत हसण्याजोगें काय वाटत होतें तें कळतें. गांवकरी कसा बोलत होता तें कळत नाहीं. पहिली माहितीहि मोलाचीच. पण ती दुसरीच्या जागीं वापरूं नये.

दुसरी गोष्ट गतीची. जुन्या तबकड्या सर्व बरोबर ७८ च्या गतीनें मुद्रित झालेल्या नाहींत. कांहीं सत्तरच्या आसपास, कांहीं ऐंशीच्या वर आहेत. गति चुकली कीं सूर चढतो किंवा उतरतो, वयस्क गायक तरुण भासतो. स्वरावरून अनुमान काढण्यापूर्वीं ही शंका फेडून घ्यावी.

तिसरी गोष्ट हेतूची. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीस जोडून १९१३ ते १९२९ या काळांत प्रांतिक सरकारांकरवीं अनेक बोली तबकड्यांवर उतरविण्यांत आल्या. यांहून चमत्कारिक तबकड्या क्वचितच असतील. बहुतेक बोलींत एकच मजकूर आहे, आणि तो म्हणजे बायबलांतील उधळ्या पुत्राची कथा. बोलणारा खरा, बोली खरी. पण कथा त्याची नव्हे. म्हणून त्या उच्चारास प्रमाण आहेत, समाजाच्या विचारास नाहींत. त्या आज शिकागो विद्यापीठाच्या आंतरजालावरील संग्रहांत ऐकावयास मिळतात. प्रत्येक संग्राहकानें एकदां तरी ऐकाव्या.

६. नंदुरबारची वाणी

येथवर आल्यावर आपल्या जिल्ह्याकडे वळूं. ग्रियर्सन यांच्या पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ सालीं निघाला. त्यांत खानदेशीबरोबरच देहवाली, मावची, पावरी या बोलींचे नमुने छापलेले आहेत. त्या बोली आजहि तळोदें, अक्कलकुवा, धडगांव व नवापूर या भागांत घरोघर बोलल्या जातात. परंतु कागदावर हेल उतरत नाहीं. खानदेशचेंच दुसरें उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचें. त्या १९५१ सालीं वारल्या व त्यांच्या ओव्या १९५२ सालीं छापल्या गेल्या. त्यांच्या पुत्रानें व आप्तांनीं लिहून ठेविल्या म्हणून शब्द वांचले. जात्याच्या घरघरींतून निघणारा तो सूर मात्र पुस्तकाच्या पानावर येऊं शकला नाहीं.

लाखेच्या तबकडीच्या काळांत कंपन्या आपल्या सूची मोठ्या पेठेच्या भाषांप्रमाणें बांधीत. मराठी, गुजराती, उर्दू यांना गिऱ्हाईक होतें. मुंबईची ‘यंग इंडिया’ ही देशी कंपनी १९३५ पासून सुमारें वीस वर्षें चालली, आणि मोठे कलावंत इतरांनीं बांधून घेतले असल्यामुळें तिनें पुष्कळ अप्रसिद्ध गायकांस वाव दिला. तथापि ज्या पाड्यावर फोनो विकत घेणारा नाहीं, त्या पाड्याची बोली तबकडीवर येण्याचा योग दुर्मिळच. पुढें चावीच्या यंत्रांमुळें, विलायतेंत ७८ च्या तबकड्या बंद पडल्या तरी आपल्याकडे त्या चालूं राहिल्या. ‘बीटल्स’ या इंग्रज तरुणांचीं गाणीं १९६० नंतरच्या दशकांत भारतांत ७८ वर निघालीं, आणि आज परदेशी संग्राहक त्यांसाठीं मोठी किंमत मोजतात. वीज न पोहोंचलेल्या खेड्यांच्या सोयीनें जो माल निघाला त्याचीच ही किंमत आहे.

नंदुरबारच्या बोलींस वाव मिळाला तो कॅसेटमुळें. १९८० च्या सुमारास कॅसेटचा प्रसार झाला. तिला कारखाना लागत नाहीं, थोडक्या भांडवलांत निघते. त्यामुळें देशभर लहान निर्माते उभे राहिले, आणि मोठ्या कंपन्यांनीं न विचारलेल्या बोली प्रथमच विक्रीस आल्या. अहिराणी लग्नगीतें, विनोदी संवाद, होळीचीं गाणीं, सोंगाड्या पार्ट्यांचे खेळ हा त्यांतला माल. त्या कॅसेटी आठवड्याच्या बाजारांत विकल्या गेल्या, रिक्षांत वाजल्या, घासल्या गेल्या व टाकून दिल्या गेल्या. त्यांवर तारीख नाहीं, सांच्याची संख्या नाहीं. पुष्कळदां गायकाचें पूर्ण नांवहि नाहीं. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर पुष्पिका नसलेलें हें हस्तलिखित आहे. आणि तिचें आयुष्य लाखेहून अल्प आहे : लाख न फुटली तर शंभर वर्षें टिकते, पण फितीवरील चुंबकीय लेप उष्णतेनें व दमटपणानें कांहीं दशकांतच खराब होऊं लागतो.

म्हणून या लेखाचें सार असें. सातपुड्याच्या पायथ्याचा संग्राहक लाखेच्या तबकडीच्या शोधांत असतां ज्या कॅसेटच्या पेटीस तो पायानें बाजूस सारतो, त्या पेटींतच त्याच्या जिल्ह्याची पहिली ध्वनिमुद्रित वाणी असण्याचा संभव अधिक आहे. तबकडीनें शिकविलेला धडा तिला लावावयाचा तो हा.

७. संग्राहकांस विनंति

घरांतील ढीग जसा आहे तसा प्रथम लिहून काढावा. तबकडी कोणत्या पाकिटांत होती तेंहि टिपावें. चिठ्ठीचें व मधल्या कड्याचें छायाचित्र घ्यावें. तबकड्या एकीवर एक न रचतां उभ्या ठेवाव्या. स्पिरिटानें कधींहि पुसूं नये, कारण मद्यार्कांत लाख विरघळते. स्वच्छ पाण्यानें हलकेच पुसून लगेच कोरडी करावी. जुन्या चावीच्या यंत्रावर हौसेनें वाजवूं नये. पोलादी टांचणी प्रत्येक खेपेस कांहीं अक्षर खातेच. एकदांच, योग्य यंत्रावर, नक्कल करून घ्यावी. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यानें प्रसिद्धीनंतर ६० वर्षें राहतो, हें ध्यानीं ठेवून अलीकडच्या मालाची नक्कल केवळ जतनापुरती करावी. कॅसेटी उन्हापासून व ध्वनिक्षेपकांच्या चुंबकापासून दूर ठेवाव्या, आणि त्यांची नक्कल प्रथम करावी. तबकडी थांबूं शकते, फीत थांबत नाहीं.

सर्वांत मोठें काम मात्र यंत्राचें नाहीं. गायक कोण, गांव कोणतें, कोणत्या लग्नांत किंवा जत्रेंत हें गाणें म्हणत, हें सांगणारीं माणसें आज हयात आहेत. त्यांच्याजवळ बसून कॅसेट वाजवावी व तीं सांगतील तें तारीख घालून लिहून घ्यावें. जी पुष्पिका निर्मात्यानें लिहिली नाहीं ती अजून लिहितां येण्यासारखी आहे. राजवाड्यांस कागद मिळाले, पण ते लिहिणारे कारकून भेटले नाहींत. आपल्यास दोन्ही मिळत आहेत, आणि ही सवलत फार दिवस राहणारी नाहीं.